भाता नसलेली पेटी

आईचं कोपर मोडलं त्या वर्षी आमच्या घरातली पेटी बंद झाली. मेट्रो स्टेशनच्या नुकत्याच पुसलेल्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि सगळा भार डाव्या हातावर आला. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू बसले, भाजी चिरणं आणि कपडे वाळत घालणं हळूहळू पुन्हा जमू लागलं. पण पेटीचा भाता चालवताना हात कोपरातून सारखा झुलत राहावा लागतो. तो झुलेना. गाण्याच्या दोन ओळी झाल्या की कळ यायची आणि सूर मध्येच मावळायचा.

तिने काही दिवस प्रयत्न केला. मग एका सकाळी पेटीला खोळ घातली, ती दिवाणाखाली सरकवली आणि पथकातल्या बाईंना फोन केला. "आता पेटीला दुसरं कुणीतरी बघा. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवीन. बिल्कुल वाईट वाटून घेऊ नका." फोन ठेवून ती कुकर लावायला गेली. आमच्या घरात साध्या साध्या गोष्टींवर तासन्‌तास वाद होतात. या गोष्टीवर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मला तेच सहन झालं नाही.

पथक म्हणजे आमचं कलापथक. आई, तिच्या ऑफिसातल्या आणि आसपासच्या काही बाया, एक डफवाले काका आणि भाषणापुरते माझे बाबा. कारखान्याच्या गेटवर, कामगारांच्या वस्तीत, कधी धरण्याच्या मांडवात ही मंडळी गाणी म्हणायची. गाणी हिंदी, चाली आईच्या. दिल्लीत सरकारी नोकरी करणारी मराठी कुटुंबं सहसा मंडळाचा गणपती आणि दिवाळी पहाट एवढ्यावर सांस्कृतिक भूक भागवतात. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांतही किमान वेतनावर गाणं बसत असायचं.

मी त्या आवाजात वाढले. तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाहेरच्या खोलीत तालीम चालायची आणि जेवणाच्या टेबलावर बाबा आणि मी पत्रकं दुमडत बसायचो. मधोमध एक घडी, नखाने दाब, वर दुसरी घडी. आईने जलद चाल धरली की घड्या भराभर पडत आणि संथ गाणं लागलं की ढीग वाढायचा थांबे. मग बाबा आतूनच ओरडायचे, "अगं, जरा ठेका वाढव, सकाळच्या शिफ्टला वाटायची आहेत!" आई ओरडायची, "हे शोकगीत आहे!" शाळेत मराठी नव्हती. मी मराठी वाचायला शिकले ती बाबांनी महाराष्ट्रातून आलेल्या मजुरांसाठी लिहिलेल्या पत्रकांवर. त्यामुळे मला 'पिळवणूक' हा शब्द आधी लिहिता आला आणि 'पोपट' नंतर.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट होती, जिच्यावरून नातेवाईक हैराण असायचे. आई बाबांना 'अरे' म्हणते. लग्नाच्या दिवसापासून म्हणते. दोघांनी मिळून ठरवलं होतं, की हाक मारण्यातली उतरंड मोडल्याशिवाय बाहेरची मोडायच्या गप्पा मारायच्या नाहीत.

पेटी बंद झाली तेव्हा आम्ही नोएडात आलो होतो. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि एका उंच सोसायटीत छोटा फ्लॅट घेतला. त्या घरात पेटी थोडी अडचणीतच होती, पण दिवाणाखाली गेल्यावर घर एकदम मोठं आणि मोकळं वाटू लागलं. असलं मोकळेपण कुणाला हवं असतं?

उपाय सापडला तो माझ्या मित्रामुळे. तो लातूरकडचा. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीत येऊन एका खोलीत राहायचा. त्या खोलीत एक खाट, एक टेबल, पुस्तकांच्या थप्प्या आणि गिटारचा एक अ‍ॅम्प होता. अ‍ॅम्प म्हणजे काळी, चौकोनी पेटीवजा वस्तू. पुढे जाळी, जाळीमागे स्पीकर, वर बटणांची रांग. आवाज मोठा करणारं यंत्र आणि स्पीकर, दोन्ही एकाच खोक्यात. कॉलेजात असताना त्याने हौसेने घेतला होता. इथे आजूबाजूच्या प्रत्येक खोलीत कुणीतरी राज्यघटना पाठ करत असल्यामुळे तो कधीच चालू करता येत नव्हता. त्याच्यावर तो चहाचा कप ठेवायचा.

मी त्याला आईचं सांगितलं. सांगताना मला नेमका शब्दच आठवेना. "ते पेटीच्या मागचं नसतं का... हवा भरायचं... धौंकनी."

"भाता म्हण गं," तो हसून लोळला. "दिल्लीवाली! उद्या 'चूल' म्हणायची वेळ आली तर गॅस एजन्सीला फोन करशील."

मग तो गंभीर झाला. म्हणाला, की काकूंचा उजवा हात ठीक आहे ना? मग भाताच नसलेली पेटी केली तर? त्याच्या ओळखीच्या एकाकडे मिडी कीबोर्ड धूळ खात पडला होता. पट्ट्या पेटीसारख्याच. हवा लागत नाही. तो लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपमध्ये पेटीचा आवाज घालायचा आणि लॅपटॉपमधून वायर काढून या अ‍ॅम्पला द्यायची.

"एवढं सोपं?"

"एवढं सोपं नसणार," तो म्हणाला, "पण रविवारी करून बघू."

रविवारी दुपारी तो अ‍ॅम्प, कीबोर्ड आणि वायरींची पिशवी घेऊन घरी आला. आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "अच्छा, बँड काढताय?" आणि आत निघून गेली. बाबांनी मात्र लगेच खुर्ची ओढली. यंत्र दिसलं की बाबांना ते कुणाच्या मालकीचं आहे हा प्रश्न पडतो आणि तेवढा सुटला की ते त्याच्या प्रेमात पडतात.

पहिल्यांदा आम्ही कीबोर्डची वायर लॅपटॉपला न जोडता आधी अ‍ॅम्पलाच जोडता येते का बघितलं, कारण बाबांचं म्हणणं होतं की मध्ये दलाल कशाला. ती वायर अ‍ॅम्पमध्ये बसेचना. मित्राने समजावून सांगितलं. मिडी कीबोर्डमधून आवाज निघतच नाही. त्यातून फक्त सूचना जातात. कुठला स्वर, किती जोरात दाबला, कधी सोडला. आवाज तयार करायचं काम लॅपटॉपचं.

बाबांनी कीबोर्डकडे बोट दाखवलं. "म्हणजे हा साहेब आहे."

"काय?"

"स्वतः काही करत नाही. नुसते हुकूम सोडतो. राबतो तो लॅपटॉप, आणि ओरडतो तो अ‍ॅम्प."

"आणि काका, पगार?"

"पगार साहेबालाच!" बाबा इतके खूश झाले, की आतून आईचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी.

वायर बरोबर लागली. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून अ‍ॅम्पपर्यंत. मी एक पट्टी दाबली आणि असा आवाज निघाला की बाबांनी चष्मा सावरला. घोगरा, फाटका, खरखरीत. आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "याला सर्दी झालीय का?"

झालं असं होतं, की अ‍ॅम्पवर गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचं एक बटण असतं आणि ते चालूच राहिलं होतं. मित्राने ते बंद केलं, वायर गिटारच्या भोकातून काढून बाजूच्या दुसऱ्या भोकात घातली, जाड आवाजाचं बटण खाली आणलं, बारीक आवाजाचं चढवलं. गिटारच्या स्पीकरला पेटीच्या आवाजातली ती धार नीट काढता येत नाही. तो सगळ्यावर एक गोधडी टाकतो. आम्ही ती गोधडी जमेल तेवढी बाजूला केली. आता ओळखू येईल असा पेटीचा सूर निघाला.

आई उभी राहून ऐकत होती. "छान आहे," ती म्हणाली. हे 'छान' म्हणजे पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईला म्हणायचं छान. "पण हा श्वास घेत नाही."

ती खरं बोलत होती. पट्टी दाबली की सूर पूर्ण ताकदीने सुरू व्हायचा आणि बोट उचललं की मरायचा. खऱ्या पेटीत डावा हात सुराला फुगवतो, दबवतो, ओळीच्या शेवटी हळूच सोडून देतो. आईच्या चाली त्या डाव्या हातावर उभ्या होत्या. आम्ही तिची बोटं वाचवली होती आणि फुप्फुसं विसरलो होतो.

मित्र पुढच्या रविवारी आला तो एक पेडल घेऊन. पायाखाली ठेवायची तिरकी पट्टी. पुढे दाबली की आवाज वाढतो, सोडली की उतरतो. ते कीबोर्डला जोडलं. "काकू, आता भाता पायात आहे."

"म्हणजे पायपेटीच की!" आई म्हणाली. तिच्या लहानपणी पुण्यात त्यांच्या शेजारी एक पायपेटी होती, नाटकाच्या तालमींना वाजायची. ती खुर्चीवर बसली. टाच टेकवली, चवडा वरखाली करून पाहिला. मग उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि एक सूर दाबून नुसता पायाने फुगवला आणि उतरवला. पुन्हा फुगवला. डाव्या हाताचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी तो मांडीवर ठेवून ती म्हणाली, "हा बेरोजगार झाला."

"त्याला पेन्शन दे," बाबा म्हणाले.

ते महिने आठवले की मला अजून त्या खोलीतलं ऊन दिसतं. हिवाळ्याची दुपार, बाल्कनीत संत्र्यांची सालं, आईच्या पायाची पट्टीवर होणारी धप्प धप्प. पथकातल्या बाया मेट्रोने यायच्या, डब्यातून काहीतरी आणायच्या. मित्राने लॅपटॉपमधलं काहीतरी बदलून पट्टी दाबणं आणि सूर निघणं यातलं अंतर अगदी कमी केलं होतं, कारण लॅपटॉपलाही हुकूम पाळायला पापणी लवेल एवढा वेळ लागतोच. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की गाण्याची सगळी पट्टी वरखाली सरकायची. बायांना काळी चार सोयीची आणि पुरुषांना काळी एक, यावरून पथकात वर्षानुवर्षं भांडणं होती. आता आई बटण दाबून सूर सरकवायची आणि म्हणायची, "घ्या, समझोता झाला."

एकदा गार्डचा इंटरकॉम आला. "मैडम, ऊपर से कंप्लेंट है, म्यूज़िक बंद करवा दीजिए." ज्या सोसायटीत क्लब हाउसमधल्या लग्नांनी सगळ्यांच्या खिडक्या थरथरतात आणि कोणी ब्र काढत नाही, तिथे रविवारी दुपारी एका बाईची पेटी मात्र 'नॉइज' असते. आवाज मोठा असणं हा गुन्हा नसतो. तो कुणाचा आहे त्यावर गुन्हा ठरतो. मी हे सगळं त्या बिचाऱ्या गार्डला सांगायला लागले, तेव्हा आईने माझ्या हातातून फोन घेतला. "भैया, बस आधा घंटा और. रियाज़ है." तो म्हणाला, "ठीक है आंटी, आप बजाइए, मैं बोल दूँगा."

मानेसरचा मेळावा जवळ आला. तिथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार दर हिवाळ्यात जमतात आणि आमचं पथक तिथे जातं. आई तिथे वाजवणार का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. बाबांनी तो जेवताना विचारला.

आई बराच वेळ भात कालवत राहिली. "घरात वाजवणं वेगळं," ती म्हणाली. "तिथे ती मुलं शिफ्ट करून येतात. त्यांच्यासमोर मी अडखळले तर ती टाळ्या वाजवतील, माहितेय? दया येऊन. ते मला नकोय, यार." मग ताटाकडे बघतच म्हणाली, "एकदा बघते. पण एकदाच. तिथे नाही जमलं, तर पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही. आणि ती पेटीसुद्धा कुणाला तरी देऊन टाकायची."

आम्ही तिघांनी ते मान्य केलं. मित्र आमच्या घरातलाच झाला होता.

मानेसरचा हॉल म्हणजे गावातलं बारातघर, लग्नाच्या वऱ्हाडांसाठी बांधलेलं. लांबलचक, पत्र्याच्या छताचं, एका टोकाला छोटा चौथरा. आम्ही दुपारीच पोचलो. आमच्या पथकाची एक रीत आहे आणि ती बाबांनी घातलेली आहे. कुठल्याही सभेत स्पीकर मंचाजवळ ठेवायचे असतात. आम्ही ते हॉलच्या मागच्या टोकाला ठेवतो. दिवसाची शिफ्ट संपवून येणारे कामगार उशिरा येतात, दाराशी, सगळ्यात मागे उभे राहतात. बाबा म्हणतात, "पुढे बसणाऱ्याला जगात सगळंच आधी मिळतं. आवाज तरी मागच्याला आधी मिळू दे." पुढच्यांना आमचे गळे असेच ऐकू येतात. मी लहानपणापासून दर सभेत ते दोन जुने, जड खोके मागे वाहून नेले आहेत आणि मला त्या रीतीचा अभिमान होता. अजूनही आहे.

तेव्हा अर्थातच पेटीचा आवाजही त्या मागच्या खोक्यांतून जायला हवा होता. अ‍ॅम्पच्या मागे आवाज बाहेर काढायचं एक भोक होतं. तिथून लांब वायर काढून आम्ही ती माइकच्या जुन्या मशीनला दिली, आणि मशीन मागच्या खोक्यांना. मी मागे जाऊन उभी राहिले, मित्राने एक पट्टी दाबली, सूर माझ्या कानाशी स्वच्छ आला. मी हात वर केला. आम्ही खूश झालो. आईला त्या वेळी बाया साडीची पिन लावून देत होत्या. तिने वाजवून बघायचं राहून गेलं.

संध्याकाळी हॉल भरला. दाराशी निळ्या, करड्या गणवेशातली मुलं उभी होती, खिशाला ओळखपत्रं तशीच लटकलेली. बायांनी स्टँडवरच्या माइकपुढे रांग केली. दुसरा माइक बाबांच्या हातात होता, भाषणासाठी. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर, पुढे टेबलावर कीबोर्ड, पायाखाली पेडल, शेजारी अ‍ॅम्प आणि लॅपटॉप घेऊन मित्र. मी नेहमीसारखी मागे, खोक्यांपाशी.

तिने पहिला सूर दाबला आणि तिचा चेहरा बदलला.

आवाज आला, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून. तिच्या बोटांखाली काहीच नव्हतं. ती पट्टी दाबत होती आणि सूर लोकांच्या डोक्यांवरून, उशिराने, परक्यासारखा परत येत होता. ती त्याची वाट बघायला लागली, म्हणून बोट थांबलं. बोट थांबलं म्हणून बाया थांबल्या. डफवाले काका मात्र ठेका धरून पुढे गेले. दुसऱ्या ओळीपर्यंत गाणं तीन ठिकाणी होतं. बायांनी सावरायचा प्रयत्न केला, आईने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि पुन्हा तेच झालं. पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनी. प्रेमानेच.

आईने हात उचलले. "बंद करा," ती हळूच म्हणाली आणि खुर्ची मागे सारली. बायांच्या माइकमधून तिथलं सगळं बोलणं मागे माझ्यापर्यंत येत होतं.

खऱ्या पेटीचा आवाज वाजवणाऱ्याच्या मांडीपाशी जन्मतो, हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आजवर स्पीकर मागे ठेवून आम्हाला चाललं, कारण आईला तिचा सूर मागून ऐकायची गरजच नव्हती. या पेटीला स्वतःचा घसाच नव्हता, आणि तिचा उसना घसा आम्ही तत्त्वासाठी हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला होता.

पण शेजारचा अ‍ॅम्प गप्प का होता? मित्र वाकून त्याच्या मागे बघत होता. "अरे देवा," तो म्हणाला. "मागे वायर घातली की याचा स्वतःचा स्पीकर बंदच होतो." त्याने वायर खसकन ओढून काढली. "काकू, उठू नका. एक सूर दाबा. फक्त एक."

"नको रे बाबा."

"काकू, एक."

आईने उभ्या उभ्याच एक बोट ठेवलं. अ‍ॅम्प तिच्या गुडघ्याशी बोलला. ती खाली बसली.

लगेच दाराकडून आरडाओरडा झाला. "पीछे कुछ नहीं आ रहा, भाई!" बरोबरच होतं. वायर काढल्यावर मागचे खोके पेटीपुरते मुके झाले होते. बाबा माइक तोंडाशी नेऊन त्यांना समजावू लागले, "साथियो, दो मिनट, तकनीकी समस्या है, लेकिन हर समस्या के पीछे..."

"काका, तो माइक द्या," मित्र म्हणाला.

"थांब, मी यांना सांगतो..."

"सांगू नका, द्या! अ‍ॅम्पच्या पुढे धरायचाय. अ‍ॅम्प काकूंना ऐकू येईल आणि माइक तेच मागे नेईल."

बाबा एक क्षण माइककडे बघत राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे स्टँड शोधला. दुसरा नव्हता. मित्राला लॅपटॉपवरून हलता येत नव्हतं, मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा माझे बाबा, ज्यांना आयुष्यभर कोणी माइकपासून दूर करू शकलं नव्हतं, चौथऱ्यावर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी माइक त्या काळ्या खोक्याच्या जाळीपुढे धरला.

आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "अरे, हात हलवू नकोस. आणि बोलू नकोस."

मराठी न कळणाऱ्यांनाही ते कळलं. अख्खा हॉल हसला, दारातली मुलं तर शिट्ट्या मारायला लागली. त्या हसण्यात दया नव्हती. आईने पेडलवर चवडा टेकवला आणि तिसऱ्यांदा तेच गाणं सुरू केलं.

तो आवाज खऱ्या पेटीचा नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यावर अजूनही गोधडीचा थर होता आणि माइकमधून तो थोडा डब्यातल्यासारखा येत होता. पण माझ्यापर्यंत तो फुगत, उतरत, ओळीच्या शेवटी हळूच सुटत आला, आणि बायांचे गळे त्याला धरून चढले. मी मागून आईकडे बघत होते. तिचा मांडीवरचा डावा हात हलत होता. अगदी थोडा, सवयीने, जणू पुढे भाता असावा. त्याला आता काही ओढायचं नव्हतं, म्हणून दुखतही नव्हतं. तिला ते ठाऊकही नसावं. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा दुसऱ्या कडव्यापासून ठेक्यावर दाराची चौकट बोटांनी वाजवू लागला.

तिने ठरलेली सगळी गाणी वाजवली. बाबा तेवढा वेळ तसेच बसून होते. मधे गुडघा बदलायला हलले तर आईची एक नजर पुरली. भाषणाची वेळ आली तेव्हा ते धरून धरून उठले आणि माइक हातात असून बिनमाइकचेच सुरू झाले. त्यांना तो आता पेटीचा वाटत होता. मागचे लोक ऐकायला पुढे सरकले, सतरंजीवर दाटीने बसले आणि बाबांनी नेहमीपेक्षा अर्ध्या वेळात भाषण आटोपलं. हा माझ्या मते त्या यंत्राचा सगळ्यात मोठा उपकार.

तो मित्र आता दिल्लीत नाही. परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले, तो गावाकडे परतला, तिथे शिकवतो. हजारो तरुण मुलांना एकेका खोलीत कोंडून त्यांची उमेदीची वर्षं खाणाऱ्या त्या परीक्षेबद्दल मला बरंच बोलायचं आहे, ते मी दुसरीकडे लिहीन. इथे एवढंच, की त्या वर्षांत तो जे शिकला त्यातलं काहीही त्याला कुणी विचारलं नाही, आणि आमच्या घराला मात्र तो माणूस सगळाच्या सगळा उपयोगी पडला.

मेळावा संपल्यावर आम्ही टॅक्सीत सामान कोंबलं. अ‍ॅम्प पुढच्या सीटवर मित्राच्या मांडीत होता. बाबांचा घसा बसला होता, त्यामुळे गाडीत विलक्षण शांतता होती. मानेसर मागे पडलं, गुरुग्रामच्या काचेच्या इमारती आल्या. मला वाटलं आई झोपली.

"खुर्ची बुटकी होती," ती एकदम म्हणाली. "गुडघा वर येतो, मग पाय नीट पडत नाही."

मित्राने पुढच्या सीटवरून मान वळवली.

"आणि ते पेडल फार पटकन उतरतं. घट्ट करता येतं का रे?"

"येतं काकू. खाली स्क्रू असतो. उद्या करून देतो."

"शोकगीताला आवाज अजून दबका पाहिजे होता. अगदी सुरुवातीला. मला आज जमलं नाही." ती कोपर चोळत खिडकीबाहेर बघत होती. "हे यंत्र तू आज खोलीवर नेऊ नकोस. आमच्याकडेच राहू दे."

मित्राने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पण काकू, मी गिटार कशावर वाजवू?"

"तू अभ्यास कर," आई म्हणाली.